चार चिंचोके

माझ्या अंगणवाडीतला हर्षल पन्नासपर्यंत अंक घडाघडा म्हणायचा. (मुलांची नावं इथं बदलली आहेत.) पर्यवेक्षिका मॅडम भेटीला आल्या, सरपंच आले, कुणाकडचे पाहुणे डोकावले, की मी त्यालाच उभं करायचे. हाताची घडी, मान ताठ आणि एका दमात एक ते पन्नास. त्याची आई दारात उभी राहून ऐकायची. तिच्याकडे बघून मलाही भरून यायचं.

जानेवारी 2025 मध्ये आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी हर्षलला जवळ बोलावलं, चिंचोक्यांच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "मला चार चिंचोके आणून दे." तो पळत गेला आणि मूठ भरून घेऊन आला. म्हटलं, "मोज बरं." त्यानं चिंचोके फरशीवर पसरले आणि बोट फिरवत सुरुवात केली. तोंड बोटाच्या पुढे पळत होतं. एका चिंचोक्यावर दोन-दोन आकडे पडत होते, मधले दोन-तीन चिंचोके तसेच सुटत होते. चिंचोके होते अकरा. तो सतरावर थांबला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघून हसला.

शाबासकी दिली मी. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. 2006 पासून मी सेविका आहे. एवढ्या वर्षांत किती लेकरांकडून मी अंक म्हणून घेतले आणि त्यांतल्या किती जणांना चार म्हणजे किती हे समजलं होतं, याचा हिशोब काही लागेना.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. कापसाचा भाग. अंगणवाडीची खोली बारा बाय पंधराची. एका भिंतीला तांदूळ-डाळीची पोती, त्यांच्याशेजारी वजनकाटा आणि रजिस्टरांचं कपाट. पटावर चोवीस मुलं, रोज येणारी सोळा-अठरा. मी आणि आमच्या मदतनीस ताई, अशा आम्ही दोघी. इतकी वर्षं दिवस ठरलेला असायचा. प्रार्थना, हजेरी, दोन बडबडगीतं, मग पाटी. फळ्यावर मी 'अ' काढायचे आणि मुलं तो गिरवायची. ज्यांना जमायचं ती पुढं, ज्यांना जमायचं नाही ती खिचडी येईपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट. हे मी कामचुकारपणानं करत नव्हते. मुलांना लिहिता आलं पाहिजे, पहिलीत गेल्यावर गुरुजींनी नाव काढलं पाहिजे, ही माझी तळमळ होती. पालकांचीही तीच मागणी होती.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्हा चाळीसेक बायांना पाट्या वाटल्या. प्रशिक्षक ताईंनी फळ्यावर कन्नडमधलं एक अक्षर काढलं आणि सांगितलं, "डाव्या हातानं वीस वेळा काढा. रेषेबाहेर जायचं नाही, शेजारणीचं बघायचं नाही, बोलायचं नाही." सुरुवातीला हसू आलं. पाचव्या-सहाव्या अक्षराला अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. अक्षर सुरू कुठून करायचं तेच कळेना, कारण ते फळ्यावर उमटताना आम्ही हाताची चाल बघितलीच नव्हती, फक्त तयार झालेली नक्षी बघितली होती. ताई मधून फिरत होत्या. माझ्या पुढच्या रांगेत निवृत्तीला आलेल्या एक सेविका होत्या. ताईंनी त्यांची पाटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि म्हणाल्या, "हे काय काढलंय? लक्ष कुठं आहे तुमचं?" त्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सभागृह एकदम गप्प झालं. ताईंनी पाटी खाली ठेवली, त्यांचा हात हातात घेऊन माफी मागितली आणि म्हणाल्या, "आपण हे रोज करतो. तीन वर्षांच्या लेकराला."

त्यानंतर त्यांनी हाताबद्दल जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. पेन्सिल बोटांत बसण्याआधी खांदा, कोपर, मनगट तयार व्हावं लागतं. मूल आधी चेंडू फेकतं, बादली उचलतं, झाडाला लोंबकळतं. मग कणीक तिंबतं, माती मळतं. त्यानंतर कुठं अंगठा आणि दोन बोटं मिळून शेंगदाणा उचलायला शिकतात. हे सगळं वगळून आपण थेट पेन्सिल देतो. मग मूल ती मुठीत धरतं आणि आपण म्हणतो, याला पकड येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, अंगणवाडी हा शब्द कुठून आला? आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, सरकारी शब्द. तेव्हा ताराबाई मोडकांची गोष्ट निघाली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. जी मुलं गुरांमागं रानात जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे हीच साधनं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरात 33 ठिकाणी सुरू झाली. त्याच्या तीस वर्षं आधी आपल्याच महाराष्ट्रात, समुद्रकाठच्या एका गावात, माझं काम कुणीतरी करून ठेवलं होतं. 'अंगणवाडी सेविका' असा शिक्का मी इतकी वर्षं मारतेय. त्यातल्या 'अंगण' या शब्दाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

ज्या अभ्यासक्रमासाठी हे प्रशिक्षण होतं त्याचं नाव 'आधारशिला'. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 48 आठवड्यांचं नियोजन त्यात आहे. पहिले 4 आठवडे फक्त मुलांनी रुळायचे, पुढचे 36 आठवडे खेळातून शिकण्याचे आणि शेवटचे 8 आठवडे झालेलं पक्कं करण्याचे. रडणाऱ्या लेकराला गप्प करायला मी आजवर दोन दिवस देत होते. इथं रुळण्यासाठीच महिना दिलेला बघून मला फार बरं वाटलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एकच पायाभूत स्तर धरला आहे, हेही तिथं कळलं. म्हणजे आमची खोली शाळेच्या बाहेरची नाही, शाळेची पहिली पायरी आहे. हे कागदावर वाचल्यावर पाठ ताठ झाली.

पण कागद आणि खोली यांत फार अंतर असतं. परतल्यावर मी मोठ्या उत्साहानं पाच कोपरे केले: बाहुलीचा, ठोकळ्यांचा, चित्रांचा, गोष्टीच्या पुस्तकांचा आणि माती-वाळूचा. पहिल्या दिवशी अठराच्या अठरा मुलं बाहुलीच्या कोपऱ्यात. एकुलत्या एका प्लॅस्टिकच्या शेगडीवरून दोघांच्या झिंज्या. तिसऱ्यानं वाळू खाल्ली. चौथी पोत्यांच्या मागं जाऊन डाळ सांडून बसली. आवाज इतका की रस्त्यानं जाणारा माणूस आत डोकावून विचारू लागला, "ताई, काय झालं?" आठवडाभरात माझा घसा बसला आणि शनिवारी मी पुन्हा पाट्या काढल्या. पाट्या हातात आल्याबरोबर खोली शांत झाली. त्या शांततेची सवय सुटायला मला फार दिवस लागले, हे खरं आहे.

मार्ग मदतनीस ताईंनी काढला. त्या सातवी शिकलेल्या, पण घरात पाच नातवंडं वाढवलेली बाई. म्हणाल्या, "ताई, लेकरांना आधी बाहेर दमवा, मग आत घ्या. आणि एका दिवशी दोनच कोपरे मांडा." तसं केलं. सकाळी आधी अर्धा तास अंगणात: टायर ढकलणं, विटेवरून तोल सांभाळत चालणं, झाडाच्या दोरीला लोंबकळणं. मग गोल बसून गप्पा. मग दोन कोपरे, निम्मी मुलं इकडं, निम्मी तिकडं. वाळूऐवजी परातीत रांगोळी घेतली आणि तिच्यात बोटानं रेघा, गोल, साप, नदी. खाण्याचा प्रश्न संपला. तीन आठवड्यांनी आवाज होता, पण तो कामाचा आवाज होता. फरक कानाला कळतो.

साधनांसाठी पैसा लागला नाही. चिंचोके, सागरगोटे, नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणं, सुतळीचे तुकडे, शिंप्याकडून कापडाच्या चिंध्या. झाकणं रंगानुसार लावायची, करवंट्या लहान-मोठ्या क्रमानं मांडायच्या. एका करवंटीत एक चिंचोका, असं ठेवत जायचं. हे शेवटचं हर्षलसाठी. पहिल्या दिवशी पाच करवंट्या मांडल्या तर त्यानं एकीत तीन टाकले आणि दोन रिकाम्या ठेवल्या. मी काही बोलले नाही. रोज वाटायला त्यालाच लावलं: वाट्या किती, मुलं किती, प्रत्येकाला एक. खिचडीच्या ताटल्या वाटताना तो एकेका मुलाच्या डोक्याला हात लावत ताटली ठेवायचा. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा ताटल्या संपल्या आणि रांगेतली दोन मुलं उरली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, अजून दोन." पन्नासपर्यंत म्हणणाऱ्या हर्षलचा तो पहिला खरा आकडा.

बाहुलीच्या कोपऱ्यात मला दुसरा धक्का बसला. दिव्या, साडेतीन वर्षांची, बाहुल्या एका ओळीत बसवत होती. कुठून तरी पट्टी मिळवली होती. पट्टी फरशीवर आपटून ती म्हणत होती, "गप! हाताची घडी! तोंडावर बोट! तुझ्या आईला सांगू?" माझा आवाज, माझी मान, बोट नाचवायची माझीच लकब. एक बाहुली कलंडली तर तिला दंडाला धरून बसवलं, अगदी जोरात. मी दाराशी रजिस्टर घेऊन उभी होते. ते तसंच खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "ती रडतेय का?" दिव्या म्हणाली, "हो, तिला लिहिता येत नाही." त्या दिवशी मी पट्टी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आजवर ती बाहेर काढलेली नाही.

आता भाषेबद्दल सांगायचं आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याचबद्दल. आमच्या घरी अहिराणी. मुलांच्या घरी अहिराणी. मदतनीस ताई अहिराणीतच हसतात आणि अहिराणीतच रडतात. पण अंगणवाडीचं दार उघडलं की मी 'शुद्ध' बोलायला लागायचे. "इकडे या, खाली बसा, हे काय आहे?" मला वाटायचं, शिक्षणाची भाषा हीच. लहानपणी माझ्या तोंडून शाळेत 'आठे' निघालं तर गुरुजी "इथे म्हण" सांगायचे आणि वर्ग हसायचा. ते हसू मी मनात ठेवलं होतं आणि माझ्याच नकळत पुढं देत होते.

कुणाल नावाचा मुलगा आठ महिने माझ्याकडे येत होता. चार वर्षांचा. आठ महिन्यांत एक शब्द नाही. मी त्याच्या आईला दोनदा सांगून बसले होते की तालुक्याला नेऊन दाखवा, ऐकू येतं का बघा. प्रशिक्षणात सांगितलं होतं की लहान मुलाशी त्याच्या घरच्या भाषेतच बोलायचं, पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय आराखड्यातही तेच म्हटलं आहे. एक दिवस कुणाल चित्रांच्या कोपऱ्यात बैलगाडीचं चित्र घेऊन बसला होता. मी शेजारी बसले आणि मनातला संकोच बाजूला सारून म्हटलं, "हाई काय शे रे?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्ताच खोलीत आलेय. मग म्हणाला, "गाडी. मना बाप वावरमा गया." आणि पुढं पाच मिनिटं थांबलाच नाही. बैलाचं नाव, चाकाला वंगण कोण लावतं, आजोबा कुठं बसतात, सगळं. आठ महिने हे लेकरू ऐकत होतं, सगळं समजत होतं. उत्तर द्यायला त्याची भाषा या खोलीत नव्हती, एवढंच. त्याच्या आईची मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून गप्पा आणि गोष्टी आधी अहिराणीत होतात. मग तीच गोष्ट दोन-तीन दिवसांनी मराठीत. मुलांना काही अडत नाही. 'वावर' आणि 'शेत' दोन्ही त्यांच्या खिशात असतात. गोष्ट सांगायचं काम मदतनीस ताईंकडे गेलं, कारण त्यांच्यासारखी गोष्ट मला सांगता येत नाही. आणि ताईंच्या गोष्टीतूनच एप्रिलमधला तो आठवडा उभा राहिला.

काऊ-चिऊची गोष्ट. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. मुलांना ती पाठ. सोमवारी मी म्हटलं, आपण दोन्ही घरं बांधू. मुलं शेण गोळा करून घेऊन आली, माती मिसळली, कोपरापर्यंत हात भरले. मेणासाठी मी दिवाळीतले उरलेले मेणबत्तीचे तुकडे आणले, गरम पाण्यात मऊ केले आणि ते थापून चार भिंती आणि एक छप्पर झालं. मंगळवारी पाऊस पाडायचा ठरला. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून दोघांनी पाणी ओतलं. शेणाचं घर आधी कडेला विरघळलं, मग एका बाजूला बसलं. मेणाच्या घरावरून पाणी ओघळून गेलं. टाळ्या. गोष्ट खरी निघाली, असं मला वाटलं आणि मी विषय संपवला.

मुलांनी संपवला नव्हता. त्यांनी शेणाचं घर पुन्हा बांधलं आणि दोन्ही घरं सुकायला बाहेर पत्र्यावर नेऊन ठेवली. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन, पत्र्यावर हात ठेवता येत नाही. खिचडी खाऊन बाहेर येऊन बघतात तर चिमणीच्या घराचं छप्पर आत वाकलेलं, एक भिंत ओघळून पत्र्याला चिकटलेली. कावळ्याचं घर शेजारी कडक वाळून उभं. कुणीच काही बोलेना. मुलं पत्र्याभोवती उकिडवी बसली. दिव्यानं मेणाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग कुणाल उठला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "उन्हायामा कावयानं घर चांगलं."

मी इतक्या वर्षांत ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल. आमच्या खानदेशात पाऊस चार महिने आणि ऊन उरलेलं सगळं वर्ष, आणि कावळ्याची बाजू कुणी घेतलेली मी ऐकली नव्हती. चार वर्षांच्या मुलानं डोळ्यांनी बघून, तुलना करून, स्वतःच्या भाषेत निष्कर्ष काढला होता. संध्याकाळी ताईंनी त्याच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हो, घरी येऊन आज्याशी भांडत होता, आपलं घर शेणानं सारवा म्हणून."

पालकांचं मन वळवणं याच्यापेक्षा फार जड गेलं. मार्चमध्ये सभा घेतली तेव्हाच तक्रारी सुरू होत्या. पाटी कोरी का, वही कुठंय, नुसतं खेळायला पाठवतो का आम्ही. गावात रोज सकाळी तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी येते. तिच्यात बसणारी तीन वर्षांची मुलं रोज वहीचं पान भरून आणतात, टाय लावतात. आयांचं म्हणणं मला कळत होतं. ज्या बाईचं स्वतःचं शिक्षण पाचवीत सुटलं, तिला वही म्हणजे लेकराचं भविष्य दिसतं. तिला हसणं मला जमणार नाही आणि कुणी हसू नये.

मी भाषण केलं नाही. पाट्या वाटल्या आणि डाव्या हातानं अक्षर काढायला लावलं. कन्नड मला येत नाही, म्हणून प्रशिक्षणातलं वहीत उतरवून आणलेलंच अक्षर फळ्यावर काढलं. चार-पाच आया हसत हसत करू लागल्या, मग गप्प झाल्या. हर्षलच्या आईनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "हात दुखतो, ताई." मग मी हर्षलला बोलावलं आणि सगळ्या आयांना एक-एक चिंचोका वाटायला सांगितलं. डबा त्याच्या हातात होता. त्यानं आधी मान वळवून सगळ्यांना मोजलं आणि बरोबर तेरा काढून घेतले. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. तेव्हा मागं बसलेली एक आजी म्हणाली, "याला म्हणतात हिशोब." तिच्या त्या एका वाक्यानं जे काम केलं ते माझ्या दहा सभांनी झालं नसतं. तरीही सगळ्या पटल्या नाहीत.

अडचणी तशाच आहेत. जुलैपासून घरपोच आहाराची पाकिटं देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर ओळखवून घ्यावा लागतो. रेंज येत नाही. आया उन्हात रांगेत, फोन हातात, आणि खोलीत अठरा मुलं ताईंच्या भरवशावर. गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, वजन-उंची, सर्वेक्षणं. ही कामं फालतू नाहीत. कुपोषित बाळाचं वजन वाढलेलं बघण्यासारखा आनंद नाही. पण शिकवण्याचे दोन तास या कामांत कसे विरून जातात ते रोज बघते. मुलांबरोबर बसण्याचा वेळ फोनच्या वेळाच्या आधी राखून ठेवायला मी शिकले. सकाळी साडेअकरापर्यंत फोन कपाटावर. बोलणी खावी लागली तर खाते.

ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. आया सातलाच निघतात. पट चोवीस आणि समोर नऊ मुलं. पाच वर्षांच्या मुली घरी धाकट्या भावाला सांभाळत बसतात. मग ताई आणि मी सकाळी लवकर दार उघडायला लागलो आणि सांगितलं, बाळाला घेऊनच या. एका कोपऱ्यात गोधडी अंथरली. मुलींना मोकळं खेळताना बघितलं की वाटतं, कुरणशाळेचा विचार ज्यांनी केला त्यांना हे लगेच कळलं असतं. आणि कापूसच आमचं साधन झाला: बोंडातून कापूस काढायचा, कापसातून सरकी वेगळी करायची, सरकी पाच-पाचाच्या ढिगात मांडायची. त्या बोटांना पेन्सिल धरायला काही जड जाणार नाही.

हर्षल जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेला. त्याचे गुरुजी दिवाळीनंतर एकदा आले, आमच्या करवंट्या आणि झाकणं बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांचा एक डबा मागून नेला. कुणाल आता पाच वर्षांचा आहे आणि गप्पांच्या वेळी त्याला थांबवावं लागतं.

दिव्या मात्र गेली. तिच्या वडिलांनी जूनमध्ये तिला पिवळ्या गाडीच्या शाळेत घातलं. मी दोनदा घरी जाऊन बोलले, चहा घेतला, ते चांगलंच बोलले, पण फी भरून झाली होती. सकाळी गाडी आमच्या अंगणवाडीसमोरच्या वळणावर मिनिटभर थांबते. दिव्या खिडकीत असते, दप्तर मांडीवर. मुलं अंगणात टायर ढकलत असतात. ती काचेला नाक लावून ओरडते, "आज काय खेळ शे, ताई?"

मी सांगते, आज भेंडीचे ठसे. आणि गाडी वळेपर्यंत तिला अर्धी कापलेली भेंडी दाखवत उभी राहते.